पंचवटीतल्या अभ्यासिकेचे दिवे: १२ व्होल्टच्या सप्लायच्या दुरुस्तीच्या नोंदी

२७ मार्च २०२५

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर ही अभ्यासिका चालते. स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटे साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत बसतात. खोली लांबट आहे, दारापासून खिडकीपर्यंत साधारण अकरा मीटर. वर पत्रा आणि पत्र्याखाली प्लायवूडचं सीलिंग. टेबलांच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीवर ॲल्युमिनियमचं प्रोफाइल आणि त्यात १२ व्होल्टची पाच मीटर एलईडी पट्टी. पट्टी मीटरला ९.६ वॅटची. म्हणजे एका ओळीला ४८ वॅट, ४ अँपिअर. तीन ओळींना मिळून १२ अँपिअर.

सप्लाय एकच, जाळीदार पत्र्याच्या डब्यातला नेहमीचा एसएमपीएस (मेन्सच्या २३० व्होल्ट एसीचे १२ व्होल्ट डीसी करणारा), १२ व्होल्ट १२.५ अँपिअर. तो दाराच्या वर सीलिंगमध्ये प्लायच्या बंद खोक्यात ठेवलाय. तिथून तिन्ही ओळींना लाल-काळी ०.७५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर छेदाची) जोडवायर गेली आहे.

तक्रारी चार. संध्याकाळी दिवे लावले की तासाभरात सगळे एकदम सेकंदा-सेकंदाला विझतात आणि पेटतात. पहाटे मात्र हे कधीच होत नाही. खिडकीकडची तिसरी ओळ कायम मंद. दाराकडची पहिली ओळ सुरुवातीला झगझगीत होती, आता पिवळट पडली आहे. आणि एक मुलगी म्हणाली, "दादा, त्या पट्टीला हात लागला की मुंग्या येतात." ही चौथी तक्रार बाकीचे हसण्यावारी नेत होते. मी तिला सगळ्यात वर ठेवलं.

अभ्यासिका सांभाळणारे काका म्हणाले, "सप्लाय हलका निघाला असेल, नवीन आणून टाक." आत्ताचा सप्लाय तिसरा आहे. दोन वर्षांत दोन गेले. तिसराही त्याच वाटेवर असेल तर चौथा आणून काय होणार? सप्लाय का मरतात ते कळेपर्यंत नवीन घ्यायचा नाही असं काकांना सांगितलं. ते नाखुशीने हो म्हणाले.

२८ मार्च

आज काहीही सुटं केलं नाही, फक्त मोजलं. संध्याकाळी सात वाजता सगळे दिवे चालू असताना:

सप्लायच्या टर्मिनलवर १३.६ व्होल्ट.
पहिल्या ओळीच्या तोंडाशी १३.०.
दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी १२.३.
तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी ११.४, आणि त्याच पट्टीच्या शेवटच्या टोकाला १०.६.

पहिला आकडा बघूनच निम्मी गोष्ट उलगडली. १२ व्होल्टचा सप्लाय १३.६ देतोय, म्हणजे कोणीतरी बाजूचा व्होल्टेज ॲडजस्टचा छोटा स्क्रू फिरवून वर नेलाय. का, तेही उघड आहे. तिसरी ओळ मंद दिसत होती, म्हणून स्क्रू फिरवला. तिसरी थोडी उजळली आणि पहिल्या ओळीच्या पट्टीला १३ व्होल्ट बसले.

१२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका रेझिस्टरबरोबर सिरीजमध्ये असतात. तीन एलईडी मिळून साधारण ९ व्होल्ट खातात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. व्होल्टेज १२ चं १३ झालं की एलईडींचे ९ जवळजवळ तेवढेच राहतात, वाढलेला सगळा एक व्होल्ट रेझिस्टरवर जातो. ३ चे ४ झाले, म्हणजे करंट तिसऱ्या हिश्शाने वाढला. व्होल्टेज आठ टक्के वाढलं तर प्रकाश आठ टक्के वाढेल अशी समजूत असते, आणि पट्ट्या तिथेच जळतात. उलट बाजूनेही तसंच: १०.६ व्होल्टला रेझिस्टरवर दीड-पावणेदोनच उरतात, म्हणून टोकाचे दिवे निम्म्यावर येतात.

३१ मार्च

पाडव्यामुळे मधले दोन दिवस गेले. आज कंपनीतून डीसी क्लँप मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा) आणला. वायरमनकडे असतो तो साधा क्लँप फक्त एसी मोजतो, १२ व्होल्टच्या डीसी वायरवर तो शून्यच दाखवणार. क्लँप नसेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून एकेक ओळ मोजता येते, पण मग तिन्ही ओळी एकत्र मोजायच्या नाहीत, मीटरचा फ्यूज जाईल.

पहाटे सहा वाजता तिन्ही ओळी मिळून १२.३ अँपिअर. संध्याकाळी साडेसातला १२.९. ओळीवार पाहिलं तर पहिली ५.४, दुसरी ४.३, तिसरी ३.२.

संध्याकाळी करंट वाढतो कारण दिवसभर तापलेल्या माळ्यावर पट्ट्याही तापलेल्या असतात, आणि एलईडी गरम झाला की त्याचं स्वतःचं व्होल्टेज थोडं उतरतं. तेवढं रेझिस्टरवर जास्त पडतं. म्हणजे नेमका जेव्हा सप्लाय स्वतः उकडलेला असतो तेव्हाच त्याच्याकडून १२.५ च्या वर मागणी होते. मग आतलं ओव्हरलोड संरक्षण सप्लाय बंद करतं, लगेच पुन्हा चालू करून बघतं, पुन्हा बंद करतं. सेकंदाला एकदा होणारी उघडझाप ती हीच.

खात्रीसाठी पहिली ओळ टर्मिनलवरून सोडवली. उघडझाप जागच्या जागी थांबली. परत जोडली, पुन्हा सुरू.

मग स्क्रू उलटा फिरवून १२.० वर आणला. एकूण करंट ८.४ अँपिअर, दिवे स्थिर, पण तिसरी ओळ इतकी मंद की तिथली मुलं वह्या उचलून पुढे आली. दोन तास तसंच चालू ठेवलं, आणि नवाच्या सुमारास उघडझाप पुन्हा सुरू. १२.५ चा सप्लाय ८.४ वर थकतोय, याचा अर्थ त्याच्या आतही काहीतरी गेलंय. बिघाड एकावर एक बसलेत. एक काढला की दुसरा दिसतो.

२ एप्रिल

खोकं पूर्ण उघडून पाहिलं. आत धुळीचा थर, पालीच्या अंड्यांची टरफलं, आणि वायर जिथे स्क्रूखाली दाबली आहे तिथे प्लॅस्टिक तपकिरी. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) कुठेच नाही, वायरच्या सुट्या तारा पिळून सरळ स्क्रूखाली घातलेल्या. काही तारा बाहेर राहिल्यात, काही तुटल्यात.

खोक्यात थर्मामीटरची वायर सोडून झाकण बंद केलं. दुपारी तीनला बाहेर ३९ अंश, खोक्यात ६१. संध्याकाळी सात वाजता दिवे लागतात तेव्हाही आत ५४. अशा सप्लायची पूर्ण क्षमता साधारण ५० अंशांपर्यंतच धरायची असते, त्यापुढे ती उतरत जाते. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना जवळपास निम्मं होतं असा ठोकताळा आहे. पत्र्याखाली, बंद खोक्यात, नाशिकच्या चैत्र-वैशाखात तीन सप्लाय गेले यात सप्लाय बनवणाऱ्याचा दोष फार थोडा.

५ एप्रिल

आज मुंग्यांचा तपास. मीटर एसीवर ठेवून प्रोफाइल आणि तळमजल्यावरचा पाण्याचा लोखंडी नळ यांच्यात मोजलं: ९६ व्होल्ट. सप्लायच्या जाळीच्या डब्यावरही तेवढेच.

कारण सप्लायला दोन पिनांची प्लग लावली आहे, अर्थिंगचं टर्मिनल मोकळंच. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून डब्याला छोटे कॅपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ जोडलेला असला की त्यांतून जाणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थ नसला की डबा मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजच्या आसपास तरंगत राहतो. करंट फारच थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आतला एखादा भाग शॉर्ट झाला तर मुंग्यांवर भागणार नाही.

डब्यापासून प्रोफाइलपर्यंत हे कसं पोचलं ते शोधायला पहिल्या ओळीचं टोक उघडलं. पट्टी जिथे कात्रीने कापली आहे तिथे तांब्याचा अर्धा ठिपका उघडा राहिलाय आणि त्यावर सोल्डरचा एक टोकदार थेंब आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. पट्टीची मागची चिकटपट्टी उष्णतेने सुटून पट्टी तिथे वाकली आहे आणि तो थेंब ॲल्युमिनियमला टेकतोय. १२ व्होल्टची निगेटिव्ह बाजू अशी प्रोफाइलला मिळाली.

मग भिंतीतल्या सॉकेटचा अर्थ तपासला. फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट. फेज-अर्थ ७० च्या आसपास, आणि आकडा डुलतोय. पिनेच्या मागे अर्थची वायरच नाही. माडीवर अर्थ कधी आणलाच नव्हता. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे, म्हणून गल्लीतल्या वायरमन काकांना सांगितलं. तोपर्यंत प्रोफाइलला कोणी हात लावू नये म्हणून प्रत्येक टेबलावर चिठ्ठी चिकटवली, आणि मुलांना तोंडीही सांगितलं.

८ एप्रिल

आज रथोत्सव. रस्ते बंद, नदीपलीकडे एम. जी. रोडला जाऊन सुटे भाग आणणं शक्य नव्हतं. वायरमन काकाही रथाच्या दोराला. घरीच सप्लाय उघडला.

हे करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज असतो. २३० व्होल्ट एसी सरळ केल्यावर साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि ते जीवघेणे आहेत. माझ्या सप्लायमध्ये प्लग काढून मिनिटभराने मोजलं तर ९० व्होल्ट शिल्लक होते. ते पेचकसाने ठिणगी पाडून उतरवू नयेत. साध्या १५ वॅटच्या फिलामेंट बल्बच्या होल्डरला दोन वायरी काढून त्याने उतरवले, मग पुन्हा मोजून शून्य पाहिलं आणि नंतरच बोट आत घातलं.

बाजूला ११५/२३० चं छोटं सरकतं बटण आहे. ते २३० वर होतं. ११५ वर सरकवून आपल्या मेन्सला लावलं तर आतले २०० व्होल्टचे दोन्ही कॅपॅसिटर फुटतात, कारण त्या स्थितीत एकेकावर पूर्ण ३२५ व्होल्ट पडतात. बटणावर नखपॉलिशचा थेंब टाकून ते कायमचं २३० वर बसवलं.

आउटपुटला २२०० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे तीन कॅपॅसिटर. दोघांची डोकी फुगलेली. तिसऱ्याचं डोकं सपाट, पण काढून टेस्टरवर लावला तर ६४० मायक्रोफॅरड, आणि अंतर्गत रोध ओहमच्या घरात. चांगल्या कॅपॅसिटरला तो ओहमच्या शंभराव्या हिश्शात असतो. डोकं सपाट आहे म्हणून कॅपॅसिटर पास करू नये. आउटपुटची लहर, म्हणजे डीसीवरची बारीक थरथर, मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मोजून निष्कर्ष काढण्यातही अर्थ नाही, कारण ती हजारो हर्ट्झची असते आणि साधा मीटर ती नीट धरत नाही.

९ एप्रिल

एम. जी. रोडला पहिल्या दुकानात ८५ अंशांचे साधे कॅपॅसिटर पुढे केले. ते घेतले नाहीत. दुसरीकडे १०५ अंशांचे, लो ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे), २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट मिळाले, १८ रुपयांना एक. १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचा चालतो, फक्त तो जाडीला आणि उंचीला मोठा असतो. एक शेजारच्या कॉइलला टेकत होता. पाय दोन मिलिमीटर लांब ठेवून तिरका बसवला. कॉइल तापते, तिला चिकटून बसलेला नवा कॅपॅसिटर लवकर सुकला असता.

१२ एप्रिल

सप्लाय चालू करण्याआधी १०० वॅटच्या फिलामेंट बल्बच्या सिरीज बोर्डवर (यात मेन्स बल्बमधून सप्लायला जाते) लावला. बल्ब क्षणभर पेटून मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही. आउटपुट १२.० स्थिर. सिरीज बोर्डवर असताना लोड मात्र लावू नये. बल्ब करंट अडवतो, सप्लाय उपाशी राहून उघडझाप करतो आणि दुरुस्ती फसली असं वाटतं.

लोडसाठी गाडीचा हेडलाइटचा बल्ब आणला, १२ व्होल्ट ६०/५५ वॅट. हिशोबाने ५ अँपिअर. सिरीज बोर्ड काढून थेट मेन्सवर सप्लाय लावला, बल्ब जोडला, आणि सप्लाय पुन्हा टिक-टिक करत उघडझाप करू लागला. कॅपॅसिटरचे सोल्डरचे सांधे पुन्हा तपासले, डायोड तपासले, सगळं ठीक. संध्याकाळ यात गेली.

कारण बल्बमध्ये होतं. थंड फिलामेंटचा रोध अगदी कमी असतो, पहिल्या क्षणी तो चालू करंटच्या दसपटीपर्यंत ओढतो. सप्लायला तो शॉर्टच वाटतो. फिलामेंट तापायच्या आतच संरक्षण बंद करतं, म्हणून तो कधी तापतच नाही. एलईडीचा सप्लाय तपासायला एलईडीच लावावी. पहिल्या ओळीची पिवळी पडलेली पट्टी तशीही काढायचीच होती, ती आणून जोडली. अख्खी उलगडून फरशीवर पसरली, कारण रीळ तशीच गुंडाळलेली ठेवून लावली तर मधली वेटोळी वितळतात. तिच्या जोडीला माझ्याकडची एक आणि कंपनीतल्या मित्राची एक. तीन तास १० अँपिअरच्या वर चाललं, उघडझाप नाही.

१३ एप्रिल

आता खरं काम: वायर.

०.७५ स्क्वेअरच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०२६ ओहम. तिसरी ओळ सप्लायपासून १० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर. ०.५२ ओहम. ३.२ अँपिअरला १.६६ व्होल्ट वायरीतच गेले. १३.६ मधून ते वजा केले तर जवळपास ११.९ यायला हवे होते, मोजले तर ११.४. उरलेला अर्धा व्होल्ट कुठे गेला? पट्टीच्या तोंडाशी सोल्डर न करता दाबून बसवायचा प्लॅस्टिकचा क्लिप कनेक्टर होता, त्याच्या दोन बाजूंना मीटर लावला: ०.५. उघडला तर आतले दात काळे पडलेले. हिशोब आणि माप यांतला फरक असा शोधत गेलं की खराब सांधा आपोआप सापडतो. सप्लाय उघडायच्या आधी हे करावं, कारण याला पेचकसही लागत नाही.

२४ व्होल्टवर जायचं का, यावर काकांशी बोललो. त्याच वॅटला करंट निम्मा, वायरीतला ड्रॉपही निम्मा, आणि तो दुप्पट व्होल्टेजमधून जाणार. नवीन काम असतं तर मी २४ शिवाय दुसरं काही केलं नसतं. पण दोन ओळींच्या पट्ट्या अजून चांगल्या आहेत, त्या फेकून देणं काकांना आणि मलाही पटलं नाही.

ठरलं ते असं. सप्लाय खोक्यातून काढून मधल्या भिंतीवर, दुसऱ्या ओळीच्या जवळ आणायचा. मग अंतरं २, ६, १० मीटरऐवजी ५, २, ५ होतात. प्रत्येक ओळीला सप्लायपासून स्वतंत्र २.५ स्क्वेअरची वायर, आणि पट्टीला दोन्ही टोकांनी पुरवठा. सप्लाय नवीन १६.७ अँपिअरचा, म्हणजे १२ अँपिअरला तो पाऊणाच्या आतच राहील. दुरुस्त केलेला जुना राखीव.

१५ एप्रिल

वायरमन काकांनी मीटरबोर्डापासून हिरवी वायर माडीवर आणली. फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट. नवीन तीन पिनांचं सॉकेट बसवलं. काकांनी जाता जाता सांगितलं, "बेटा, हे आधी करायचं असतं रे, दिवे मागनं." त्यांचं बरोबर आहे. कोणी असं काम हातात घेणार असेल तर अर्थपासून सुरुवात करावी.

१९ एप्रिल

वायर ओढली आणि पट्ट्यांना सोल्डर करायला बसलो. इथे पहिलाच सांधा गेला. २.५ स्क्वेअरची वायर पट्टीच्या ठिपक्यावर थेट लावली, ती जाड, तिला तापवायला सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ धरावा लागला, आणि वायर थंड होताना जराशी वळली तर ठिपक्याचं तांबं कागदासारखं सोलून वर आलं. तीन एलईडींचा तो तुकडा कापून टाकावा लागला.

उपाय: पट्टीला ०.७५ ची वीतभर शेपटी लावायची, ठिपका आणि वायर दोन्ही आधी वेगवेगळे सोल्डरने भिजवून घ्यायचे, मग दोन सेकंदांत जोडायचं. शेपटी छोट्या टर्मिनल ब्लॉकमध्ये, आणि तिथून पुढे जाड वायर. वीतभर पातळ वायरीत जाणारा ड्रॉप किरकोळ असतो. कापलेल्या प्रत्येक टोकावर श्रिंक ट्यूब, म्हणजे सोल्डरचा थेंब पुन्हा प्रोफाइलला टेकणार नाही.

पहिल्या ओळीला नवी पट्टी घातली. जुनी आणि नवी शेजारी धरून पाहिल्या: जुनीतल्या एलईडींचा पिवळा गर मधोमध करपून तपकिरी झाला होता.

२० एप्रिल

सप्लाय भिंतीवर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उभा बसवला, टर्मिनल खाली, चारी बाजूंना हात जाईल एवढी जागा. पालीसाठी बाहेरून बारीक जाळी, पण दोन बोटं अंतर ठेवून, म्हणजे हवा अडत नाही. सगळ्या वायरींना थिंबल दाबून लावले. अर्थ जोडला.

प्रत्येक ओळीला ५ अँपिअरचा गाडीतला पात्याचा फ्यूज घातला. सप्लायचं संरक्षण १६.७ च्या वर गेल्यावर जागं होतं. कुठे पट्टीच्या शेपटीत अर्धवट शॉर्ट झाला तर दहा-बारा अँपिअर त्या पातळ वायरीतून निवांत वाहतील, वायर तापेल, वर कोरडं प्लायवूड आहे, आणि सप्लायला काही वावगं वाटणार नाही. मोठा सप्लाय घेतला की ओळीओळीला फ्यूज हवाच.

संध्याकाळची मापं: सप्लायवर १२.२, ओळींच्या तोंडाशी ११.९, १२.१, ११.९. एकूण ११.९ अँपिअर. सप्लायचा डबा ४८ अंश. प्रोफाइल आणि अर्थ यांच्यात शून्य. मुंग्यांची तक्रार केली होती तिला बोलावून आधी मीटर दाखवला, मग माझा हात लावला, मग तिचा.

तिसऱ्या ओळीतली मुलं खिडकीकडच्या जागांवर परत गेली.

२१ एप्रिल

खर्च, ज्यांना अंदाज हवा त्यांच्यासाठी. नवा सप्लाय १,६५०. २.५ स्क्वेअरची वायर २६ मीटर, ९३६. टोकांच्या पुरवठ्यासाठी १.५ स्क्वेअरची ३० मीटर, ६६०. पट्टीचं एक रीळ ५५०. अर्थची वायर आणि वायरमन काकांची मजुरी ९००. सॉकेट-प्लग १६०, फ्यूज आणि होल्डर १३५, थिंबल आणि टर्मिनल ब्लॉक १२०, कॅपॅसिटर ५४. एकूण ५,१६५ रुपये. यातला सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे सप्लायची दुरुस्ती, आणि ती एकटी केली असती तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. वायरीवर खर्च जास्त वाटतो म्हणून लोक तिथे हात आखडतात. मी उलट सांगेन, पट्टी हलकी घ्या पण वायर जाड घ्या.

१४ मे

फोन आला, दुसरी ओळ लुकलुकते. बाकीच्या दोन स्थिर, म्हणून सप्लायकडे बघितलंही नाही. फ्यूजच्या होल्डरला बोट लावलं तर चटका बसला. फ्यूज शाबूत, पण होल्डरची आतली पकड ढिली, प्लॅस्टिक एका बाजूने वितळलेलं. होल्डरच्या दोन टोकांमध्ये ०.७ व्होल्ट. ४५ रुपयांचा होल्डर हलका होता. तिन्ही बदलून जाड वायरचे, घट्ट पकडीचे घेतले, ९० रुपयांना एक. आता ०.०५ च्या आत. वरच्या खर्चात २७० मिळवावेत.

१६ जून

पावसाळा सुरू झालाय. पत्रा गळतो का ते पाहायला गेलो होतो, सप्लायच्या भिंतीवर ओल नाही. मापं पुन्हा घेतली: १२.२, ११.९, १२.१, ११.८. तिसऱ्या ओळीचा ०.१ कमी झालाय, टर्मिनल ब्लॉकचा एक स्क्रू अर्धा आटा सैल होता. आवळल्यावर ११.९.

जुना दुरुस्त सप्लाय काकांच्या कपाटात आहे. त्यावर कागद चिकटवलाय: १२.० व्होल्टवर लावलेला आहे, स्क्रूला हात लावू नये, दोनच ओळी जोडाव्यात. नव्या सप्लायच्या शेजारी भिंतीवर मापांचा तक्ता लावलाय, पेन्सिल दोरीला बांधून. अभ्यासिकेतला एक मुलगा पॉलिटेक्निकचा आहे, महिन्यातून एकदा तो मोजून लिहिणार. राहिलेलं काम दुसऱ्या ओळीचं: तिची पट्टी दोन वर्षं १२.३ वर चालली आहे, आत्ता ठीक दिसते, पण दिवाळीच्या सुट्टीत ती बदलायची आहे.